श्रवणसंरक्षण

श्रवणसंरक्षण म्हणजे मोठ्या आवाजामुळे कानाला होणारी कायमची इजा टाळण्यासाठी केलेले उपाय. कारखान्यांत ते कामगार-सुरक्षेचा भाग असते. मिरवणुकीतल्या ढोल-ताशाच्या बाबतीत मात्र त्याचा विचार क्वचितच होतो.

आंतरकर्णातील शंखाच्या आकाराच्या नळीत सुमारे १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे मज्जातंतूंना कळणाऱ्या संदेशांत रूपांतर त्या करतात, आणि एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपासची, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांची, श्रवणशक्ती आधी मंदावते. त्यामुळे ‘ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार सुरू होते आणि भाजीवाला ‘सात’ म्हणाला की ‘आठ’, हे गर्दीत उमगत नाही.

इजा आवाजाच्या पातळीइतकीच त्याच्या कालावधीवरही अवलंबून असते. व्यावसायिक आरोग्याच्या एका प्रचलित मानकानुसार ८५ डेसिबलला दिवसाकाठी ८ तास ही मर्यादा आहे आणि पुढच्या दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात. पुण्याची विसर्जन मिरवणूक २४ तासांहून अधिक चालते, आणि पथकांचा सराव त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. त्यातही ताशा वादकाच्या कमरेशीच असल्याने त्याच्या कडक, तीव्र आवाजाला कानापर्यंत यायला हातभराचेच अंतर असते.

भारतातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० हे निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घालतात. पण हे मोजमाप परिसराचे आहे. वादकाच्या कानात किती आवाज गेला, याचा हिशेब त्यात नाही. तो ज्याचा त्यानेच ठेवायचा.

कापसाचे बोळे घालण्याची पद्धत सर्वत्र दिसते, परंतु त्यातून मिळते ते बहुतांशी समाधानच. फोमचे कर्णबोळे अधिक उपयोगी पडतात, मात्र ते नीट बसवले तरच : बोळा बोटांत वळून सुरळीसारखा बारीक करावा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग वर व मागे ओढावा, बोळा आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. बोळा अर्धा बाहेर लोंबत असेल, तर तो बसलेला नाही. लहान मुलांच्या कानात बोळे नीट बसत नाहीत. त्यांच्यासाठी बाहेरून कान झाकणारी कर्णाच्छादने योग्य.

अंतर हा बिनखर्चाचा उपाय आहे. उघड्या मैदानात अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. पेठेतल्या अरुंद रस्त्यावर मात्र दोन्हीकडच्या भिंती तो परतवतात, म्हणून तिथे चार पावले मागे सरकून फारसे साधत नाही, गल्लीत वळावे लागते. मिरवणुकीनंतर कानात दडे बसले किंवा गुणगुण राहिली, तर त्या रात्री इअरफोनही बाजूला ठेवावा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाल्यास ‘उद्या बरे होईल’ म्हणून न थांबता तातडीने कानाच्या डॉक्टरांकडे जावे, कारण अशा वेळी उपचाराला झालेला उशीर नडतो.