मालवणचे प्रवाळ आणि १९८७ ची अधिसूचना

१३ एप्रिल १९८७ रोजी राज्य सरकारने मालवणच्या समुद्रातला २९.१२ चौरस किलोमीटरचा पट्टा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. त्यातले ३.१८ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र ठरले: सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे पाण्याखालचे खडक. सुट्टीत स्नॉर्केलिंगच्या होड्या किल्ल्याभोवतीच्या ज्या खडकांवर थांबतात, ते याच पट्ट्यातले. मालवणच्या प्रवाळाचे आज जे बरेवाईट चालले आहे, त्याची मुळे या एका निर्णयात आणि तो ज्या पद्धतीने घेतला गेला त्यात सापडतात.

ऐंशीच्या दशकात देशात सागरी क्षेत्रे राखून ठेवण्याची लाटच आली होती. कच्छच्या आखातात १९८० मध्ये अभयारण्य आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, मन्नारच्या आखातात १९८६ मध्ये. मन्नारला तर चुन्यासाठी आणि बांधकामासाठी इतकी वर्षे प्रवाळ उपसले गेले की तिथल्या २१ बेटांपैकी दोन पाण्याखाली गेली. मालवणात खाणकामाचा असा प्रश्न नव्हता. इथले प्रवाळ लक्षद्वीपसारखे फांद्याफांद्यांचेही नाही. पोराइटीस, टर्बिनेरिया, फॅव्हायटीस, गोनिओपोरा अशा जाती इथे नोंदवल्या गेल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच खडकाला चिकटून पसरणाऱ्या किंवा गोळ्यासारख्या वाढणाऱ्या. पावसाळ्यात नद्या गाळ आणि गोडे पाणी आणून ओततात, तेही सोसून टिकलेले हे प्रवाळ आहे. दिसायला साधे, म्हणून त्याची किंमत कमी लेखली जाते, आणि हे मला फार चुकीचे वाटते.

अभयारण्याला विरोध झाला तो मच्छीमारांकडून, आणि तो आजही पूर्ण शमलेला नाही. हद्द मालवण बंदरापासून अवघ्या ५० मीटरवर सुरू होते. म्हणजे ज्या पाण्यात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जाते, जिथून रोज पहाटे होड्या निघतात, तेच पाणी एका सकाळी वन्यजीव कायद्याखाली आले. त्या कायद्याची भाषा जंगलाची होती: प्रवेशबंदी, परवाना, शिकार, शस्त्र. जमिनीवर अभयारण्य करताना जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांच्या हक्कांची चौकशी करायची असते. पण समुद्रात सातबारा नसतो. पिढ्यान्‌पिढ्या एखाद्या वाडीने एखाद्या खडकावर मासे धरले, याचा पुरावा कोणत्या दप्तरात असणार? ‘उद्या बंदरातून होडी काढायलाही परवानगी लागेल’ ही भीती मालवणात घरोघरी पोचली, आणि ती खोटी आहे असे ठामपणे सांगणारा लेखी शब्द लोकांच्या हाती वेळेवर आला नाही.

इथे एक तपशील महत्त्वाचा आहे आणि तो बहुतेक चर्चांमधून निसटतो. १९९१ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली. राज्याच्या सागरी हद्दीतील पाणी अभयारण्यात घ्यायचे असेल तर नौदलाच्या मुख्य जलालेखकांशी (समुद्राचे नकाशे करणाऱ्या विभागाच्या प्रमुखांशी) सल्लामसलत करावी आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्यासाठी पुरेशी उपाययोजना झाल्यावरच हद्द ठरवावी, असे त्यात लिहिले गेले. मालवणची अधिसूचना याच्या चार वर्षे आधीची. कायद्यालाच जे शहाणपण १९९१ मध्ये सुचले, ते मालवणच्या वाट्याला आले नाही. हद्द आधी आखली गेली. माणसांचा विचार पुढे कधीतरी करू, असे राहून गेले. अभयारण्याच्या बाजूचे लोक म्हणतात की तेव्हा थांबलो असतो तर काहीच झाले नसते, आणि त्यातही तथ्य आहे. पण पुढच्या तीन दशकांत जे घडले ते पाहता, विश्वास गमावून मिळवलेली ती हद्द प्रवाळाच्या फारशी कामाला आली नाही, असेच म्हणावे लागते.

कारण अभयारण्य बरीच वर्षे कागदावरच राहिले. मच्छीमारांना ते नको होते, वनखात्याकडे समुद्रात फिरायला साधने नव्हती. मधल्या काळात कायदे मात्र वाढत गेले. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने प्रवाळाची जागा सर्वांत कडक वर्गात घातली. २००१ मध्ये खडक बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आले, म्हणजे कागदोपत्री त्याला वाघाइतके संरक्षण मिळाले. २०११ च्या नव्या किनारा नियमन अधिसूचनेत मालवणचे नाव अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत होते. एवढी कवचे अंगावर असलेल्या प्रवाळावर होडीवाला नांगर टाकतो, तेव्हा त्याला थांबवायला तिथे कोणी नसते.

या काळात खरा बदल झाला तो पर्यटनात. तारकर्ली, देवबाग, चिवला ही नावे पुण्या-मुंबईच्या घरांत रुळली, आणि किल्ल्याभोवतीचे खडक हे पोहता न येणाऱ्यालाही लाइफ जॅकेट घालून प्रवाळ दाखवण्याचे ठिकाण झाले. गावात पैसा आला. ज्या घरांनी अभयारण्याला विरोध केला होता, त्यांतलीच मुले गाइड झाली. मात्र ओहोटीच्या वेळी दमलेला पर्यटक टेकायला जागा शोधतो आणि त्याच्या पायाखाली प्रवाळच येते. गोळ्यासारखे वाढणारे पोराइटीस चांगल्या पाण्यातही वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते. एका टाचेने खरवडलेली जागा भरून यायला किती काळ लागेल, याचा हिशेब प्रत्येकाने करावा. मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकण्याची सवय तितकीच वाईट. खडकावरचे शेवाळ खाणारे मासे पावावर पोट भरू लागले की शेवाळ वाढते आणि प्रवाळाची जागा घेते.

मासेमारीतला धोका स्थानिक होड्यांपेक्षा वेगळ्याच दिशेने आला. जाळे ओढत नेणारे यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याजवळ येणे, मासळीचा अख्खा थवा घेरून आवळणारी पर्ससीन जाळी, मग एलईडी दिवे लावून रात्रीची मासेमारी. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर मर्यादा घातल्या, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी आणली. या दोन्हींसाठी रस्त्यावर उतरले ते पारंपरिक मच्छीमार, म्हणजे ज्यांना १९८७ पासून अभयारण्याचे विरोधक म्हटले गेले तेच. फाटून सुटलेली नायलॉनची जाळी खडकांवर येऊन अडकतात आणि प्रवाळ गुदमरते; ती काढायची तर खडक माहीत असलेला माणूसच लागतो, आणि तो त्याच वाड्यांमध्ये आहे.

त्याच दशकात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर एक प्रकल्प राबवला गेला. त्याने हद्दीचा वाद बाजूला ठेवून कामाला हात घातला: लहान मासळी निसटून जाईल अशी चौकोनी आसाची जाळी, खेकडे आणि कालवांची शेती, गाइडांचे प्रशिक्षण, प्रवाळाचे तुकडे कृत्रिम आधारावर लावून वाढवण्याचे प्रयोग. अधिसूचनेने जे तुटले ते थोडेफार जोडले गेले असेल तर ते इथे.

याच सुमारास, २०१४ आणि २०१५ मध्ये, मालवणच्या प्रवाळाचे विरंजनही नोंदवले गेले. नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जास्त, तेही काही आठवडे टिकले, की प्रवाळ आतले शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. लक्षद्वीपने हे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर भोगले आहे. समुद्राचे तापमान मालवणात बसून कमी करता येत नाही. पण ज्या प्रवाळावर आधीच गाळ, नांगर आणि सांडपाणी यांचा मारा आहे, ते उष्णतेतून सावरत नाही. खाड्यांमधला वाळू उपसा आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे सांडपाणी हे म्हणूनच प्रवाळाचे प्रश्न आहेत.

मुंबईत २०२० मध्ये सागरी रस्त्याच्या (कोस्टल रोडच्या) भरावात येणाऱ्या वरळी आणि हाजीअलीच्या १८ प्रवाळ वसाहती उचलून हलवल्या गेल्या, काही थेट कुलाब्याच्या नेव्ही नगरजवळ. आदल्याच वर्षी उच्च न्यायालयाने त्या रस्त्याची मंजुरी रद्द केली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने वर्षअखेरीस काम पुन्हा सुरू होऊ दिले होते. पहिल्या परिशिष्टातला जीव परवानगीने उचलता येतो हे त्यातून दिसले. उद्या कोकणातल्या एखाद्या जेट्टीसाठी हाच दाखला पुढे केला जाईल, ही भीती रास्त आहे.

विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, आंग्रे घराण्याचे नाव मिळालेला आंग्रिया बँक हा पाण्याखालचा पठारी उंचवटा आहे. तिथले पाणी स्वच्छ आहे आणि तिथे खऱ्या अर्थाने प्रवाळाची वसाहत फुललेली आहे. पण वन्यजीव कायद्यातले अभयारण्य किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच करता येते. त्यापलीकडे १९७६ चा सागरी क्षेत्रांचा कायदा लागू होतो आणि निर्णय केंद्राचा असतो. त्या कायद्याखाली आंग्रियाला विशेष क्षेत्राचा दर्जा मिळावा असा राज्याचा प्रयत्न आहे. तिथे किनारा नाही, गाव नाही, म्हणून विरोध होणार नाही असे धरून चालणे चूक ठरेल. खोल समुद्रातल्या होड्या तिथे जातात.

मालवणात मात्र सध्या अडले आहे ते साध्या गोष्टींपाशी. किल्ल्याभोवती होड्यांना बांधायला पक्के तरंगते बोये हवेत, म्हणजे नांगर टाकावाच लागणार नाही. एका वेळी एका खडकावर किती माणसे उतरवायची याची मर्यादा हवी, आणि ती पाळून घेण्याचा अधिकार गाइड व होडीवाल्यांच्या संघटनेकडे हवा. पर्यटकाने टेकायचे नाही, पाव टाकायचा नाही, होडीवाला नांगर टाकायला लागला तर ‘इथे बोया कुठे आहे?’ एवढे विचारायचे. निवतीच्या खडकाजवळ निवृत्त युद्धनौका बुडवून पाण्याखालचे पर्यटन उभे करण्याची योजना आता पुढे आली आहे. ती प्रत्यक्षात आल्यावर किल्ल्याजवळची गर्दी तिकडे वळवायची की दोन्हीकडे गर्दी होऊ द्यायची, हे त्या योजनेच्या कागदांवरच लिहिले गेले पाहिजे, आणि ते लिहिताना मच्छीमार या वेळी पहिल्या बैठकीपासून समोर बसलेले असले पाहिजेत.