रेशमी पट्ट्यांवर अडकलेलं प्लास्टिक

मायक्रोप्लास्टिक, म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण, हा शब्द आपल्या कानावर पडू लागला तो अलीकडे. ते कण मात्र समुद्रात कितीतरी आधीपासून होते, आणि त्याचा पुरावा भलत्याच कामासाठी जपून ठेवला गेला होता.

ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांनी 1920च्या दशकात प्लवक गोळा करणारं यंत्र बनवलं. जहाजामागे ते ओढत न्यायचं; आत रेशमाची पट्टी हळूहळू सरकत राहायची आणि पाण्यातले सूक्ष्म जीव तिच्यावर अडकायचे. 1931 पासून ही पाहणी नियमित सुरू झाली. काम संपलं तरी पट्ट्या फेकल्या नाहीत, हे जपणाऱ्यांचे मोठेच उपकार. 1965 मध्ये आयर्लंडजवळ त्या यंत्रात प्लास्टिकची पिशवी अडकल्याची नोंदही त्यांच्या दप्तरी सापडते.

1972 मध्ये एडवर्ड कार्पेंटर आणि सहकाऱ्यांना अटलांटिक महासागरातल्या सारगासो समुद्रात तरंगते प्लास्टिकचे तुकडे दिसले. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या माशांच्या पोटात पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचे बारीक मणीही. त्यानंतर तीस वर्षं हा विषय जवळजवळ पडूनच राहिला, याची फार चुटपुट लागते.

2004 मध्ये ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांनी त्या जुन्या पट्ट्या पुन्हा तपासल्या. 1960च्या दशकातल्या पट्ट्यांवरही प्लास्टिक होतं आणि पुढच्या दशकांत ते वाढत गेलं होतं. 'मायक्रोप्लास्टिक' हा शब्द रुळला तो याच शोधनिबंधामुळे; कण 5 मिलिमीटरहून लहान असावा ही मर्यादा मागाहून आली. दोनच वर्षांनी गुजरातमधल्या अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्यावर गाळाच्या प्रत्येक किलोत सरासरी 81 मिलिग्रॅम प्लास्टिक आढळलं.

कण पोटात गेले की विष्ठेवाटे निघून जातील, अशी आशा होती. 2008 मध्ये शिंपल्यांवर केलेल्या प्रयोगात ते आतड्यातून रक्ताभिसरणात शिरले आणि 48 दिवसांनंतरही तिथेच होते. 2022 मध्ये नेदरलँड्समध्ये 22 रक्तदात्यांपैकी 17 जणांच्या रक्तात प्लास्टिक मिळालं, तेव्हा कुठे जग दचकलं.

मला मात्र 2013चा एक प्रयोग अधिक अस्वस्थ करतो. पीव्हीसीचे कण मिसळलेल्या गाळात ठेवलेल्या लगवर्म या समुद्री किड्यांनी खाणं कमी केलं, त्यांच्या अंगातला ऊर्जेचा साठा निम्म्यापर्यंत उतरला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूवर मातीच्या शेवयांसारखे छोटे ढीग दिसतात, ते याच किड्याचे. तो वाळू खालीवर करतो, म्हणून खालच्या थरापर्यंत प्राणवायू पोचतो.