पार्श्वभूमी: प्रवाळाचा व्हिडिओ आणि 'कव्हर'चा गोंधळ

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळांच्या लांबलचक रांगेवर, दरवर्षीची मोजणी 1985 च्या सुमारास सुरू झाली ती काटेरी तारामाशांमुळे, ते प्रवाळ खाऊन फस्त करत होते. बोटीमागे दोरीने फळी बांधायची, मास्क लावलेला माणूस ती धरून पाण्यातून ओढला जायचा, दर दोन मिनिटांनी बोट थांबली की डोळ्यांना दिसलं त्याचा अंदाज तो लिहायचा. अंतर भरपूर कापलं जायचं, पण तो अंदाज नंतर कोणी तपासणार कसा?

म्हणून 1992-93 पासून व्हिडिओ. 6 ते 9 मीटर खोलीवर गज ठोकून 50 मीटरच्या कायमच्या रेषा आखल्या, डायव्हर कॅमेरा तळाशी धरून त्याच रेषेवरून पोहायचा. मग किनाऱ्यावर येऊन टेप पॉज करायची आणि स्क्रीनवरच्या पाच ठरलेल्या ठिपक्यांखाली प्रवाळ आहे, शेवाळ आहे की नुसती वाळू, ते लिहायचं. जागा तीच राहते हे महत्त्वाचं, आपल्याकडे मालवणला स्कूबा करणाऱ्यांचे ढीगभर व्हिडिओ आहेत पण जागा दरवेळी वेगळी, तुलना करणार कशाशी. पुढे व्हिडिओऐवजी स्टिल फोटो आले, ठिपके राहिले.

खरा वाद 'कव्हर' या शब्दाचा. कव्हर म्हणजे तळाचा किती टक्के भाग जिवंत कठीण प्रवाळाने झाकलाय, बस. कुठला प्रवाळ ते यात येत नाही, आणि ब्लीच होऊन, म्हणजे पाणी तापल्यामुळे रंग जाऊन, पांढरा पडलेला पण अजून न मेलेला प्रवाळही जिवंतातच धरतात. 2012 मध्ये सांगितलं गेलं की 27 वर्षांत कव्हर 28 वरून 13.8 टक्क्यांवर आलं. 2022 मध्ये उत्तरेला 36 आणि मध्य भागात 33 टक्के, म्हणजे 36 वर्षांतला उच्चांक, लगेच 'रीफ बरी झाली' अशी ओरड. हे आकडे फळीवरच्या मोजणीचे, आणि वाढ मुख्यतः अ‍ॅक्रोपोराची, म्हणजे फांद्या किंवा थाळीसारख्या आकाराच्या प्रवाळाची, तो झपाट्याने वाढतो पण वादळात तुटतो, तारामाशांचं आवडतं खाणंही तोच. शंभर वर्षांचा गोल दगडी प्रवाळ जाऊन तिथे चार वर्षांचा अ‍ॅक्रोपोरा आला तरी टक्का तोच राहतो, याला बरं होणं म्हणणं मला तरी पटत नाही. ठिपक्याखाली कुठला प्रवाळ होता ते मात्र जुन्या टेपवर आजही बघता येतं.

2024 च्या ब्लीचिंगनंतर दक्षिण भागात कव्हर एका वर्षात 38.9 वरून 26.9 टक्क्यांवर घसरलं, आणि सगळ्यात जास्त मेला तो अ‍ॅक्रोपोराच.