रशियन सरदारघराण्यांची कौटुंबिक व्यक्तिचित्रे

रशियातील सरदार आणि बडे जमीनदार आपल्या घरच्या माणसांची चित्रे काढून घेत आणि ती वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या जपत. ही चाल अठराव्या शतकाच्या आरंभी रुजली आणि १९१७ च्या क्रांतीपर्यंत टिकली. जोडीने टांगायची पतिपत्नींची चित्रे, मुलांची व भावंडांची चित्रे, कुटुंबाची समूहचित्रे, हस्तिदंतावरील लघुचित्रे आणि या सर्वांच्या नकला असे प्रकार तीत येतात. यांतील कितीतरी उत्तम चित्रे त्याच घराण्यांच्या मालकीच्या भूदासांनी, म्हणजे जमिनीशी व धन्याशी बांधलेल्या परतंत्र माणसांनी काढली आहेत. ही बाब बाजूला ठेवली, तर या परंपरेचा अर्थच लागत नाही.

सतराव्या शतकापर्यंत रशियात चित्रकला म्हणजे मुख्यतः धर्मचित्रे. त्या शतकात झार, धर्मगुरू आणि मोजके सरदार यांच्या ‘पार्सुना’ नावाच्या प्रतिमा दिसू लागल्या. त्यांतला चेहरा त्या माणसाचाच असे, पण सपाट अंगरखा, ताठ बैठक आणि चित्रावरचा मजकूर धर्मचित्रांच्या वळणाचा असे. झार पीटर द ग्रेटने हे वळण मोडले. त्याने सरदारांच्या दाढ्या उतरवल्या, पश्चिमी पोशाख सक्तीचा केला आणि चित्रकार परदेशी शिकायला धाडले. इव्हान निकितिन इटलीला गेला, तर आंद्रेई मात्व्हेयेव नेदरलँड्सला. मात्व्हेयेवने स्वतःचे व पत्नीचे एकत्र चित्र काढले. ते अपुरे राहिले, तरी रशियन कलेतील पतिपत्नींच्या पहिल्या चित्रांत त्याची गणना होते.

पीटरने १७२२ मध्ये दरबारी, मुलकी व लष्करी पदांची चौदा श्रेण्यांची उतरंड घालून दिली. चाकरीत पुरेशी वरची श्रेणी मिळवणाऱ्याला सरदारकीही मिळू लागली. त्यामुळे जुन्या घराण्यांना आपले जुनेपण दाखवायचे होते, नव्यांना आपली चढती. चित्रांनी दोघांचीही सोय केली. म्हणून या चित्रांत कपडे आणि मानचिन्हे चेहऱ्याइतकीच काळजीने रंगवलेली असतात. खांद्यावरून तिरकी आलेली फिकट निळी रेशमी पट्टी म्हणजे संत आंद्रेईचा सर्वोच्च सन्मान. राणीच्या तैनातीतील तरुण मुलींना निळ्या फितीवर राणीच्या नावाची हिरेजडित आद्याक्षरे मिळत, तर वरच्या मानकरी स्त्रिया राणीचे छोटे चित्रच छातीवर लावत. एखाद्याला चित्रानंतर नवा सन्मान मिळाला, तर जुन्याच चित्रावर तो रंगवून घेतला जाई. चित्राचा काळ ठरवताना आज अभ्यासक आधी ही पदके पाहतात.

एकच चित्र पुरेसे नसे. मॉस्कोतला वाडा, पीटर्झबर्गमधले घर, गावाकडची गढी आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची सासरची घरे, सगळीकडे आजोबांचे चित्र हवे असे. नकला करायला घरचाच चित्रकार असे. शेरेमेत्येव घराण्याचा इव्हान आर्गुनोव (१७२९–१८०२) हा असा घरचा चित्रकार. त्याचे कुटुंब मूळ चेर्कास्की सरदारांच्या मालकीचे होते. वार्वारा चेर्कास्काया हिचे १७४३ मध्ये प्योत्र शेरेमेत्येवशी लग्न झाले, तेव्हा हुंड्याबरोबर आर्गुनोवही आले. इव्हान जर्मन चित्रकार ग्रोट याच्या हाताखाली शिकला. पुढे धन्याचे पूर्वज, नातलग आणि स्नेही त्याने रंगवले. उतारवयात त्याच्यावर वाड्याचा कारभार सोपवला गेला आणि चित्रकला मागे पडली. मुक्ती त्याला कधीच मिळाली नाही.

मॉस्कोजवळच्या कुस्कोवो येथील शेरेमेत्येवांच्या वाड्यात त्याचे १७६७ चे एक चित्र आहे. शेरेमेत्येवांच्या घरी वाढणारी आन्नुश्का ही काल्मिक (मंगोल वंशाच्या जमातीतील) मुलगी त्यात दिसते. रुंद चेहरा, सरळ व प्रसन्न नजर, आणि हातात मालकीण वार्वारा हिचे छापील चित्र. ते प्रेक्षकाला दिसेल असे तिने पुढे धरले आहे. त्याच वर्षी वार्वारा वारली. मालकिणीचा चेहरा कागदावर करड्या रंगात उरला आहे, आश्रित मुलगी मात्र जिवंत रंगांत समोर उभी आहे. चित्रकार आणि मुलगी दोघेही त्या घरात परक्या हुकमाने आलेले. दरबारी थाटाच्या कितीतरी चित्रांपेक्षा हे छोटे चित्र त्या घराबद्दल जास्त सांगते.

इव्हानचा मुलगा निकोलाय याने प्रास्कोव्या झेम्चुगोवा हिला रंगवले. ती भूदास लोहाराची मुलगी आणि शेरेमेत्येवांच्या नाट्यगृहातील अव्वल गायिका. काउंट निकोलाय शेरेमेत्येवने तिला मुक्त करून १८०१ मध्ये तिच्याशी गुपचूप लग्न केले. लाल शालीतल्या चित्रात तिच्या गळ्यात नवऱ्याचे लघुचित्र आहे, म्हणजे जगापासून लपवलेले लग्न चित्रात उघड मांडले आहे. दुसऱ्या चित्रात ती पट्ट्यापट्ट्यांच्या झग्यात उभी आहे, दिवस भरत आलेली. फेब्रुवारी १८०३ मध्ये मुलगा झाला आणि तीन आठवड्यांत ती गेली. गरोदर काउंटेसचे असे उघड चित्र त्या काळात फार दुर्मीळ. ते काढणारा स्वतः १८१६ पर्यंत भूदासच होता.

वासिली त्रोपिनिनही (१७७६–१८५७) हुंड्यातूनच काउंट मोर्कोवकडे आला. त्याला मिठाई बनवण्याचे काम शिकायला लावले होते. पुढे कला अकादमीत शिकत असताना धन्याने त्याला मध्येच परत बोलावले. नेपोलियनशी झालेल्या युद्धानंतर, १८१३ मध्ये, त्याने मोर्कोव कुटुंबाचे मोठे समूहचित्र काढले. १८२३ मध्ये तो मुक्त झाला, पण बायको व मुलगा आणखी पाच वर्षे गुलामगिरीतच राहिले.

अकादमीशी जोडलेल्या चित्रकारांत तिघे अग्रगण्य. फ्योदोर रोकोतोवने १७७२ मध्ये जमीनदार स्त्रुइस्की आणि त्याची तरुण पत्नी आलेक्सांद्रा यांची जोडचित्रे काढली. अंधुक पार्श्वभूमीतून चेहरा हळूहळू उजळत येतो, ओठांवरचे हसू नक्की आहे की नाही ते ठरत नाही. दिमित्री लेवित्स्कीने स्मोल्नी विद्यालयातील सरदारकन्या नाचताना, वाजवताना आणि नाटकातील सोंगात रंगवल्या. व्लादिमिर बोरोविकोव्स्कीच्या काळात पदकांची जागा भावनेने घेतली. त्याच्या गागारिन बहिणी (१८०२) गिटार आणि सुरावटींचा कागद घेऊन एकमेकींना बिलगून बसल्या आहेत.

परदेशी चित्रकारांनाही मोठी मागणी होती. फ्रेंच चित्रकर्ती विजे-लब्रं १७९५ पासून सहा वर्षे रशियात होती. तिने सम्राज्ञी कॅथरिनच्या नातींना उघड्या दंडांनी रंगवले, सम्राज्ञी नाराज झाली आणि बाह्या वाढवाव्या लागल्या. एकोणिसाव्या शतकात कार्ल ब्रूलोवची घोडेस्वार तरुणी (१८३२) गाजली. तीत काउंटेस सामोयलोवाच्या आश्रयाने वाढलेल्या दोन मुली आहेत आणि कुत्र्याच्या पट्ट्यावर काउंटेसचे नाव. पुढे छायाचित्रण आल्यावर चित्रांची मागणी घटली. तरी वालेंतिन सेरोवने युसूपोव कुटुंबाची चित्रे करून परंपरेला अखेरचा बहर आणला.

कलाप्रदर्शने भरवणाऱ्या सेर्गेई दियागिलेवने गढ्या पालथ्या घालून दोन हजारांहून अधिक चित्रे जमवली आणि १९०५ मध्ये पीटर्झबर्गच्या ताव्रिचेस्की राजवाड्यात मांडली. त्याच सुमारास शेतकऱ्यांच्या उठावांत अनेक गढ्या जळत होत्या. १९१७ नंतर संग्रह सरकारजमा झाले, कुस्कोवो व अर्खांगेल्स्कोये ही वाड्यांचीच संग्रहालये झाली, बाकी चित्रे मॉस्कोचे त्रेत्याकोव कलादालन, पीटर्झबर्गचे रशियन संग्रहालय आणि प्रांतोप्रांतीची छोटी संग्रहालये यांत वाटली गेली. वाटपात जोडचित्रांची ताटातूट झाली आणि कोणते चित्र कुणाचे ही माहिती असणारी माणसे देश सोडून गेली. ‘अज्ञात स्त्री’, ‘अज्ञात अधिकारी’ अशा पाट्या त्यामुळेच इतक्या आढळतात. कॅनव्हासच्या मागची टिपणे, जुन्या मालमत्तेच्या याद्या आणि गणवेशावरची बटणे ताडून ही नावे शोधण्याचे काम रशियन संग्रहालयांत अजून चालू आहे.