बारा गावचं पाणी, आणि तेरावं डेन्व्हर

एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, सर्वांत जास्त संघांकडून खेळण्याचा विक्रम इश स्मिथ या पॉइंट गार्डच्या (बॉल घेऊन येणारा, चाली लावणारा खेळाडू) नावावर आहे : १३ संघ. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो डेन्व्हरकडून उतरला आणि १२ वर अडकलेला आकडा पुढे सरकला. त्या १२ वर आधीपासून चौघे जण होते. २०२१-२२ च्या हंगामात शार्लटकडून खेळून हा त्यांच्या पंगतीत बसला आणि पुढच्याच हंगामात उठून पुढे गेला. शार्लट हे त्याचं जन्मगाव. घरच्या संघातही त्याला हंगाम पुरा करू दिला नाही, फेब्रुवारीतच रवानगी झाली.

आमच्याकडे, यवतमाळ-वाशीमच्या पट्ट्यात, हा आकडा सांगितला की ऐकणाऱ्याला आधी कीवच येते. तालुका क्रीडा संकुलाच्या सिमेंटच्या कोर्टवर, जिथे एका रिंगला जाळी आहे आणि दुसरीला नुसता गंजलेला लोखंडी कडा, नववीतल्या एका पोराने मला सरळच विचारलं, "सर, ह्या मानसाले कोनी ठेवूनच नाई घेत का?" पोराचं काही चुकलं नाही. आपल्याकडे खेळाडूचं नशीब उघडलं म्हणजे तो कुठेतरी लागला : रेल्वेत, पोलिसात, नाही तर खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून एखाद्या कार्यालयात. एकदा लागला की निवृत्तीपर्यंत तिथेच. जागा बदलणारा खेळाडू आपण पाहतो तो हिवाळ्यातल्या कबड्डीच्या खुल्या सामन्यांत. तिथे मंडळ बाहेरगावचा रेडर आणतं. त्याने सामना काढून दिला तर तो आपला, आणि पकडला गेला तर भाड्याचा. याच चष्म्यातून आपण त्या गार्डकडे पाहतो. म्हणून मागची हकीकत थोडी सविस्तर.

फार मागे जायची गरज नाही. एक काळ असा होता की अमेरिकेतला खेळाडू करार संपल्यावरही संघालाच बांधलेला असे. १९७० मध्ये खेळाडू संघटनेच्या अध्यक्षाने (तोही गार्डच) याविरुद्ध कोर्टाची पायरी चढली, १९७६ मध्ये तडजोड झाली, आणि १९८८ पासून ठरावीक वर्षं खेळलेल्याला करार संपताच पूर्ण मोकळीक मिळाली. मधल्या काळात, १९८४-८५ पासून, प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादाही आली. सुरुवातीला ती ३६ लाख डॉलर होती. खेळाडू सुटे झाले आणि पैसा मात्र मोजूनमापून वापरायचा. भटक्या गार्डची जात या दोन गोष्टींतून जन्माला आली. महागडे दोन-तीन तारे घेतल्यावर जे उरतं त्यात राखीव पॉइंट गार्ड बसवायचा, आणि दरवर्षी नव्याने बसवायचा.

आपला गार्ड २०१० मध्ये कॉलेजमधून बाहेर पडला. त्या वर्षीच्या ड्राफ्टच्या (संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचे, तळाच्या संघांची पाळी आधी) ६० नावांत तो नव्हता. उंची सहा फूट, म्हणजे त्या लीगच्या मानाने बुटका. लांबून नेम बेताचा. पण वेग असा की समोरचा वळेपर्यंत हा रिंगखाली पोचलेला. आणि तिथे वाट बंद असली तर ड्रिबल न सोडता बेसलाइनवरून पलीकडे निघून पुन्हा बाहेर यायचा. ह्यूस्टनने त्याला घेतलं. पुढची पाच वर्षं एका दमात सांगतो, कारण ती घडलीही तशीच : फेब्रुवारी २०११ मध्ये मेम्फिस, मग गोल्डन स्टेटमध्ये अगदी थोडे सामने, मग ओरलँडो, २०१३ च्या फेब्रुवारीत मिलवॉकी, त्याच उन्हाळ्यात फिनिक्स. फिनिक्सला अख्खा हंगाम मिळाला. संघाने ४८ सामने जिंकले आणि तरी पश्चिम गटातून प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, पोचला नाही. २०१४ मध्ये ओक्लाहोमा सिटीचे खेळाडू जखमी झाले तेव्हा लीगच्या अडचणीच्या सवलतीतून त्यांनी याला सोळावा माणूस म्हणून घेतलं; एरवी तेव्हा पंधराच ठेवता येत. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथूनही निघाला.

इथे मोजणीचा गुंता आहे. त्या फेब्रुवारीत व्यवहाराच्या कागदावर तो न्यू ऑर्लिन्सचा झाला होता, पण त्यांनी लगेच मोकळा केला. एकही मिनिट न खेळता गेलेलं हे गाव विक्रमात धरत नाहीत. लीगच्या नेहमीच्या सामन्यात कोर्टवर पाय ठेवला तरच संघ मोजला जातो. न्यू ऑर्लिन्स यादीत आहे ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमुळे : वॉशिंग्टनच्या सराव शिबिरातून वगळल्यावर तो पुन्हा तिथे गेला आणि या खेपेला खेळला. वॉशिंग्टनचं ते शिबिरही असंच धरलेलं नाही. ते गाव यादीत येतं २०१९ मध्ये. त्यामुळे संघ १३ असले तरी बिऱ्हाडं त्याहून बरीच जास्त.

आता फिलाडेल्फिया. या कारकिर्दीतलं सगळ्यांत वादाचं पान तेच, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचंही.

ओक्लाहोमाहून निघालेल्या या गार्डला फिलाडेल्फियाने २०१५ च्या फेब्रुवारीत उचललं होतं. २५ सामने खेळला. उन्हाळ्यात करार संपला तेव्हा संघाने त्याला जाऊ दिलं, फुकटात. त्या काळात तो संघ मुद्दाम हरतो आहे असं उघड बोललं जायचं. तळाला राहायचं, वरच्या निवडी मिळवायच्या, चार-पाच वर्षांनी राज्य करायचं, असा हिशोब. हिशोब मांडणारे हुशार होते. आकडेवारीत त्यांचा हात कुणी धरला नसता. पण २०१५-१६ सुरू झाला आणि संघ पहिले १८ सामने हरला. आधीच्या हंगामातले धरले तर सलग २८. ड्राफ्टच्या वरच्या निवडींतून आणलेले दोन तरुण सेंटर (रिंगखाली खेळणारे उंच खेळाडू) हात वर करून उभे, आणि त्यांना वेळेवर पास देणारा कुणी नाही. मोठ्या माणसाला बॉल कुठे हवा, छातीशी की डोक्यावर, डाव्या हाताला की उजव्या, हे गार्डला कळावं लागतं. नवशिक्यांनी भरलेल्या त्या संघात ते कळणारा माणूसच नव्हता.

डिसेंबरच्या सुरुवातीला मालकांनी वरती एक जुना जाणता प्रशासक आणून बसवला. २४ डिसेंबरला संघाची स्थिती १ विजय, ३० पराभव. त्या दिवशी ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतल्या आपल्या दोन निवडी न्यू ऑर्लिन्सला देऊन हाच गार्ड परत आणला गेला. सहा महिन्यांपूर्वी फुकट सोडलेला माणूस दोन निवडी मोजून!

टीका व्हायचीच होती, आणि तिच्यात दम नव्हता असं नाही. टीकाकारांचं म्हणणं : हंगाम हातचा गेलेलाच आहे, या माणसाचा करार उन्हाळ्यात पुन्हा संपणार, तो जाणार, मग निवडी कशाला उधळायच्या? शिवाय चार सामने जास्त जिंकले तर तळाची जागाही हातची जाईल. धोरणाच्या समर्थकांना तर ही फितुरीच वाटली. योजना नीट चालली होती, वरून दबाव आला म्हणून मोडली, असं आजही कुणी कुणी म्हणतात.

पण झालं काय ते पाहा. २६ डिसेंबरला परतल्यावरचा पहिला सामना फिनिक्समध्ये, त्याच्या जुन्या गावात, आणि संघाला हंगामातला दुसरा विजय मिळाला. तिथून शेवटापर्यंत ५१ सामन्यांत ९ विजय. ९ काही मोठे नव्हेत. पण आधीच्या ३१ मध्ये एकच होता. या गार्डने फिलाडेल्फियाकडून त्या हंगामात सरासरी १४.७ गुण आणि ७ असिस्ट (ज्यावर सोबत्याने बास्केट केली असे पास) नोंदवले. सेंटर पोरांना सोप्या बास्केट मिळू लागल्या. शेवटची नोंद १० विजय, ७२ पराभव. म्हणजे संघ तरीही तळालाच, आणि ड्राफ्टच्या पाळ्या ठरवणाऱ्या लॉटरीत पहिली निवड त्यांनाच लागली! ज्या तळाच्या जागेची भीती घातली जात होती ती जागा हलली नाही. आणखी गंमत म्हणजे त्या पहिल्या निवडीने आलेल्या उंचापुऱ्या पोरालाही पुढे पॉइंट गार्ड म्हणूनच खेळवलं.

मला विचाराल तर चूक डिसेंबरची नव्हतीच, चूक उन्हाळ्यातली. शिकाऊ पोरांच्या संघात एक मुरलेला गार्ड लागतो, हे कोणत्याही तालुक्याचा क्रीडाशिक्षक सांगेल. त्यासाठी आकडेमोडीची पदवी लागत नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलांचा संघ जिल्ह्याला नेताना मी दोन उंच पोरं सोडून एक बुटका, न घाबरणारा ड्रिबलर आधी निवडतो. तिकडे हे कळायला १ विजय, ३० पराभव लागले. ती योजना मांडणारे पुढच्या एप्रिलमध्ये राजीनामा देऊन गेले. त्या पत्राची चर्चा या गार्डच्या कामापेक्षा जास्त झाली, हेही नेहमीसारखंच.

टीकाकारांची एक गोष्ट खरी ठरली : उन्हाळ्यात तो गेला. २०१६ मध्ये डेट्रॉइटने त्याला तीन वर्षांचे १ कोटी ८० लाख डॉलर दिले. त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यांत लांब मुक्काम. तिथला मुख्य गार्ड गुडघ्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला बाहेर होता, म्हणून पहिल्या दिवसापासून संघ यानेच चालवला. मुख्य माणूस परतल्यावर निमूट बाकावर बसला. त्यानंतर वॉशिंग्टनची दोन वर्षं. या पाच वर्षांत त्याच्याबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखी बदली झाली नाही.

एक बाब आपल्याकडे नीट समजून घेतली जात नाही. ही बदली खेळाडू मागत नाही. आपल्याकडे सालदाराचं साल पाडव्याला ठरलं की पुढच्या पाडव्यापर्यंत तो त्याच मालकाच्या धुऱ्यावर. तिकडे पगार पक्का, साल पक्कं, पण मालक मधेच ते साल दुसऱ्या मालकाच्या नावे करू शकतो आणि गड्याने ४८ तासांत नव्या वाड्यावर हजर व्हायचं. नकाराचा हक्क करारात लिहून घेता येतो, पण त्यासाठी लीगमध्ये आठ वर्षं आणि त्यातली चार त्याच संघात काढलेली हवीत. डेट्रॉइटची तीन वर्षं म्हणजे ज्याचा उच्चांक, त्याला हे कलम कुठून लागू होणार? ज्याला सगळ्यांत जास्त हलवलं जातं त्याच्याच हाती नकार नसतो. शिवाय व्यवहारात दोन्हीकडचे पगार जुळवावे लागतात, आणि मध्यम पगाराचा, एका वर्षाचा करार त्या जुळवाजुळवीला फार सोयीचा. तो चांगला खेळतो की वाईट, हा प्रश्न पुष्कळदा त्या टेबलावर निघतही नाही.

मग त्याला पुन्हा पुन्हा घेतात का? राखीव पॉइंट गार्डला संघाच्या सगळ्या चाली दोन-तीन दिवसांत पाठ करून इतर चौघांना जागा दाखवाव्या लागतात. हे जमणारी माणसं थोडी. बारा ठिकाणी जमलं म्हणून तेराव्याने बोलावलं. माझ्या नववीतल्या त्या पोराला मी हेच सांगितलं. त्याला पटलं असावं असं वाटत नाही, कारण त्याने लगेच डॉलरचे रुपये किती होतात ते विचारलं.

डेन्व्हरचा व्यवहार जुलै २०२२ चा. वॉशिंग्टनने (२०२२ च्या फेब्रुवारीत शार्लटहून तो पुन्हा तिथेच गेला होता) त्याला एका शूटिंग गार्डसोबत (लांबून नेम धरणारा दुसरा गार्ड) पाठवलं. डेन्व्हरला खरा हवा होता तो शूटिंग गार्ड, हा सोबतचा. २०२२-२३ मध्ये तो बहुतेक बाकावरच होता, आणि प्लेऑफमध्ये जेमतेम दिसला. अंतिम मालिका ४-१ अशी संपली तेव्हा आपल्याकडे १३ जूनची सकाळ होती. मृग लागून आठवडा होत आला तरी पाऊस नव्हता, बियाणं घरात पडून, म्हणून दोन-चार जण निवांत मोबाइलवर सामना पाहू शकले. संघाचं हे पहिलंच विजेतेपद. १२ वरच्या जुन्या चौघांपैकी दोघांनाही अशीच विजेत्याची अंगठी मिळालेली आहे, एकाला १९९५ मध्ये ह्यूस्टनला, दुसऱ्याला २००५ मध्ये सॅन अँटोनियोला.

त्या व्यवहारात डेन्व्हरहून उलट दिशेला दोघे गेले होते. एक तिथला पॉइंट गार्ड. दुसरा सात वर्षांहून जास्त काळ डेन्व्हरलाच टिकलेला, तिथल्या प्रेक्षकांचा लाडका. अंगठी वाटली गेली तेव्हा दोघेही यादीत नव्हते.