बाण वाकतो म्हणून नेम बसतो

भाचा मिशिगनला असतो. तिथे लायसन्स काढून ससे, खारी असली छोटी शिकार करता येते, आणि गड्याने साधा लाकडी लाँगबो घेतला, ना साइट ना चाकं, निव्वळ काठी आणि दोरी. मग रात्री साडेअकराला व्हॉट्सॲप, "मामा, कार्बनचे सगळ्यात कडक बाण मागवतोय, कडक म्हणजे सरळ जाणार ना?" मी आयुष्य नाशिकच्या अंबडला टूलरूममध्ये काढलं, रविवारी तिरंदाजी करतो, त्यामुळे माझी झोप उडाली. कारण गैरसमज नेमका हाच आहे, बऱ्याच जणांचा.

(आधीच सांगतो, आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकार गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कोणी गिरणारे-हरसूलकडे ससे शोधत फिरू नका. गवताच्या पेंढीवर मारा, फिजिक्स तेच आहे.)

आता जरा डोळ्यासमोर आणा. धनुष्य डाव्या हातात, बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला टेकलेला. धनुष्याच्या काठीला जाडी आहे, म्हणजे बाण मधोमध नाही, बाजूला आहे. पण दोरी सुटली की ती जाते काठीच्या मध्याकडे आणि बाणाचं शेपूट सोबत ओढून नेते. म्हणजे दोरी जसजशी पुढे जाईल तसतसं बाणाचं तोंड जास्त जास्त डावीकडे वळायला पाहिजे, आणि बाण डावीकडे जायला पाहिजे. जातो मात्र सरळ! रॉबर्ट एल्मर नावाच्या अमेरिकन तिरंदाजाने या कोड्याला 'तिरंदाजाचा विरोधाभास' असं नाव दिलं, आणि पॉल क्लॉपस्टेग या फिजिक्सवाल्याने 1930 च्या दशकात विजेच्या ठिणगीच्या उजेडात फोटो काढून दाखवलं की बाण धनुष्याला चक्क वळसा घालून जातो, मासा दगडाला घालतो तसा.

होतं असं. प्लास्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरा आणि वरून दाबा, ती मधे फुगते ना? तसंच. मागून दोरी ढकलते, पुढचं जड टोक जागचं हलायला तयार नसतं, बाणाची मधली कांडी बिचारी कोंडीत सापडते आणि वाकते. कुठल्या बाजूला वाकायचं ते बोटं ठरवतात, कारण उजव्या हाताच्या बोटांवरून दोरी घरंगळताना शेपटाला डावीकडे हलका झटका देते. आधी मधला भाग धनुष्याकडे फुगतो, मग लवचिकपणामुळे उलटा, धनुष्यापासून लांब, आणि मग परत, आणि या परतीच्या झोक्यात शेपूट बाहेर फेकलं जातं, त्यामुळे पिसं काठीला न घासता निघून जातात. हा सगळा खेळ दोरी सुटल्यापासून साधारण 15-20 मिलिसेकंदांत. बाणावर दोन जागा अशा असतात ज्या या थरथरीत जवळपास हलतच नाहीत, नुसत्या कांडीवर त्या दोन्ही टोकांपासून लांबीच्या 22 टक्क्यांवर येतात, पुढे वजन लावलं की पुढची जागा पुढे सरकते, आणि निशाणाकडे सरळ जातात त्या या दोन जागा, बाकीचा बाण त्यांच्याभोवती नागासारखा वळवळतो.

म्हणजे झोका आणि दोरीचा प्रवास यांचा मेळ बसला पाहिजे. कांडी जास्त कडक असेल तर ती वाकतच नाही, काठीला थडकून डावीकडे जाते. फार मऊ असेल तर उजवीकडे. हे उजव्या हाताने ओढणाऱ्यांचं, डावरे असाल तर उलट वाचा.

या कडकपणाला स्पाइन म्हणतात. लाकडी कांडीचा मोजायची जुनी पद्धत फार गोड आहे, 26 इंच अंतरावर दोन आधार, मधोमध 2 पौंड वजन, किती इंच वाकली ते बघा आणि 26 ला त्याने भागा. अर्धा इंच वाकली तर 52, म्हणजे ढोबळ मानाने 52 पौंडाच्या, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणाऱ्या, धनुष्याला चालेल. मी दोन व्ही-ब्लॉक ठेवले, पिशवीत 907 ग्रॅम वाळू भरली, वाकणं मोजायला डायल गेज लावायला गेलो तर आमचा डायल 10 एमएमपर्यंतच मोजतो, अर्धा इंच म्हणजे 12.7, मग हाइट गेज काढला. एकाच दुकानातून आणलेल्या दिसायला सारख्या 12 कांड्यांपैकी एकमेकींशी जुळल्या फक्त 5. बाकीच्यांनी घरी टोमॅटोला आधार दिलाय.

न जुळण्याचं कारण गणितात आहे. गोल कांडीचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो. बाजारात मिळणारी 11/32 इंची कांडी 5/16 वालीपेक्षा फक्त 10 टक्के जाड, जेमतेम 0.8 एमएमचा फरक, पण 1.1 चा चौथा घात 1.46, म्हणजे 46 टक्के जास्त कडक! लांबीचं उलटं आणि घनावर, 28 ऐवजी 30 इंची ठेवली तर तेवढ्याच जोराला 23 टक्के जास्त वाकणार. वाकताना काम करतो तो बाहेरचा थर, मधलं लाकूड जवळपास फुकट बसलेलं असतं, बांबू पोकळ असून परवडतो तो म्हणूनच.

आमच्या पंचवटीच्या गावात बाण म्हटलं की फॉरवर्ड येणारच, पूर्वज मंत्राने बाणाला दिशा द्यायचे आणि नासाने मान्य केलं वगैरे. श्रद्धा आपल्या जागी, पण दिशा देतो तो स्पाइन. भिलांच्या तीर-कामठ्यात दोरीसुद्धा बांबूच्या सालीची असते, आणि निखाऱ्यावर शेकून कांडी सरळ करणारा माणूस ती हातात वाकवूनच तिचा कडकपणा नीट ओळखतो. त्याचं श्रेय मंत्राला देऊन मोकळं होणं मला तरी पटत नाही.

आता ससा. मोठ्या प्राण्याला धारदार पात्याचा बाण लागतो, तो रक्तस्रावाने मारतो. सशाला ते नको, आणि साधं अणकुचीदार टोकही नको, आरपार जातं आणि ससा बाण घेऊन झुडपात पळतो, हाल होतात. म्हणून बोथट टोक, जे ठोसा देऊन जागेवर पाडतं. ही काही अमेरिकन आयडिया नाही, डेन्मार्कच्या दलदलीत मध्याश्मयुगातले लाकडी बोथट बाण सापडलेत. रबराचं मिळतं, पितळेची रिकामी काडतुसं बसवणारेही आहेत, आणि जूडो नावाचं एक टोक आहे ज्याला चार स्प्रिंगचे हात असतात, ते गवतात अडकून बाण उभा करतात. नाहीतर चुकलेला बाण गवताखाली साप शिरावा तसा शिरतो आणि मग शोधत बसा.

ठोशाला वेगापेक्षा वजन कामाचं, इथे जाहिरातवाले फसवतात. क्लॉपस्टेगची युक्ती अशी की धनुष्याचे हात आणि दोरी हलवायला जी ऊर्जा जाते तिच्याऐवजी बाणाला काही ग्रॅम फुकटचं वजन चिकटलंय असं धरायचं. समजा ते 10 ग्रॅम. 29 ग्रॅमचा बाण सेकंदाला 50 मीटर गेला तर तेच धनुष्य 20 ग्रॅमचा 57 ने फेकेल. वेग वाढला, पण ऊर्जा 36 वरून साडेबत्तीस ज्यूलवर आली आणि संवेग 1.45 वरून 1.14 वर.

झाडावरच्या खारीसाठी वर मारायचं असेल तर फ्लू-फ्लू, म्हणजे पाच-सहा न कापलेली मोठी पिसं लावलेला बाण. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे सुटल्यापासूनच बाणाचा वेग झपाट्याने उतरतो, जवळच्या खारीपर्यंत पुरेसा जोर राहतो पण फार लांब जात नाही, शेजाऱ्याच्या छपरावर पडत नाही. पिसं खरीच हवीत, काठीला घासली तर दबतात, प्लास्टिकची दबत नाहीत आणि बाणाला उसळवतात.

भाच्याला शेवटी एवढंच लिहिलं की सरावाचं टोक 125 ग्रेनचं असेल तर बोथटही तेवढंच घे, कारण पुढे वजन वाढलं की कांडी जास्त वाकते आणि जुळवलेला स्पाइन परत बिघडतो. 125 ग्रेन म्हणजे 8.1 ग्रॅम, सोनाराच्या काट्यावर कळतं. त्याचा रिप्लाय आला, "मामा, कार्बन ऑर्डर केले पण कॅन्सल करता येतायत."