शेजारच्या शहराचे पाणी आपल्या वस्तीला : कॅलिफोर्नियातील पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत शहराची हद्द जिथे संपते, तिथेच बऱ्याचदा पिण्याजोगे पाणीही संपते. रस्त्याच्या अलीकडे नगरपालिकेचा नळ आणि पलीकडे आर्सेनिक किंवा नायट्रेट उतरलेला बोअर, अशी तिथल्या कित्येक वस्त्यांची स्थिती आहे. पूर्वी शेजारच्या शहराने ‘आम्हालाच पुरत नाही’ म्हटले की विषय मिटायचा. जून २०१५ मध्ये एसबी ८८ हा कायदा झाला (एसबी म्हणजे राज्याच्या सिनेटमधले विधेयक, एबी म्हणजे असेंब्लीतले). दोन पाणीपुरवठा यंत्रणा एकत्र करण्याचा, किंवा शेजाऱ्याची पाइपलाइन वस्तीपर्यंत वाढवण्याचा आदेश काढण्याचा अधिकार त्याने राज्याच्या वॉटर बोर्डाला दिला. २०१८ च्या एबी २५०१ ने खासगी बोअरवरच्या घरांसाठीची तरतूद भक्कम केली. २०२१ च्या एसबी ४०३ मुळे, अजून बंद पडलेली नाही पण पडायच्या बेतात आहे, अशी यंत्रणाही कक्षेत आली.

शहराबाहेर बोअरच्या पाण्यावर घर घेतलेले, किंवा छोट्या म्युच्युअल वॉटर कंपनीच्या (म्हणजे पाणी वापरणाऱ्यांच्याच मालकीच्या कंपनीच्या) संचालक मंडळावर बसलेले कोणी मराठी वाचक तिथे असतील, तर पुढची माहिती त्यांच्या थेट उपयोगाची आहे.

कोण पात्र

पहिला प्रश्न, तुमची यंत्रणा कोणत्या प्रकारात मोडते? १५ किंवा अधिक जोडण्या असतील, किंवा वर्षातले किमान ६० दिवस रोज २५ माणसांना पाणी जात असेल, तर ती सार्वजनिक यंत्रणा. ५ ते १४ जोडण्या असतील तर ‘स्टेट स्मॉल’. त्याहून कमी म्हणजे खासगी बोअर. तिन्हींना दार उघडे आहे, पण खासगी बोअरवाल्यांचे नियम थोडे वेगळे आहेत. ते पुढे सांगतो.

दुसरा प्रश्न उत्पन्नाचा. वस्तीतल्या कुटुंबांचे मध्यक वार्षिक उत्पन्न राज्याच्या मध्यकाच्या ८० टक्क्यांहून कमी असावे लागते, म्हणजे ती ‘वंचित वस्ती’ ठरते. इथे बऱ्याच वस्त्या अडतात, कारण जनगणनेचा आकडा मोठ्या पट्ट्याचा असतो आणि पलीकडची सधन घरे मध्यक वर ओढतात. अशा वेळी वस्तीपुरते स्वतंत्र उत्पन्न सर्वेक्षण करून घ्यावे. तो खटाटोप वाया जात नाही, पुढे अनुदानाच्या अर्जालाही हेच आकडे लागतात.

तिसरा, पुरवठा खरोखर निकामी, किंवा निकामी होण्याच्या बेतात आहे का? एखादा खराब नमुना पुरत नाही, सातत्याने अपयश किंवा तसा धोका दिसावा लागतो. आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, नायट्रेटची (नायट्रोजन म्हणून मोजले तर) १० मिलिग्रॅम. तपासण्यांचे जुने अहवाल तारखेनुसार लावून ठेवा. यंत्रणा सार्वजनिक असेल तर दरवर्षी ग्राहकांना पाठवला जाणारा पाण्याच्या गुणवत्तेचा अहवालही जोडा. वॉटर बोर्ड दरवर्षी राज्यभराची पाहणी करून धोक्यातल्या यंत्रणांची यादी काढते. त्यात नाव असेल तर निम्मे काम झाले समजा.

आदेशाच्या आधीचे सहा महिने

बोर्ड उठून लगेच आदेश काढत नाही. आधी दोन्ही यंत्रणांना पत्र जाते आणि आपसांत बोलून ठरवायला सहसा किमान सहा महिन्यांची मुदत मिळते. सुरुवातीला बाधित भागाच्या शक्य तितक्या जवळ एक सार्वजनिक बैठक होते. तिची सूचना ३० दिवस आधी मालकांनाच नव्हे, भाडेकरूंनाही द्यावी लागते. ही तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण या वस्त्यांत शेतमजूर भाड्याने राहतात आणि खराब पाणी तेच पितात. त्यानंतर जनसुनावणी, आणि मगच आदेश. वंचित वस्तीतल्या ग्राहकांनी विलीनीकरणासाठी अर्ज दिला असेल, तर त्याचाही विचार बोर्डाला करावा लागतो.

या कायद्याखालचा पहिला सक्तीचा आदेश २०१६ मध्ये निघाला, टुलेरी शहराला लागून असलेल्या मॅथेनी ट्रॅक्टसाठी. तिथल्या प्रॅट म्युच्युअल वॉटर कंपनीच्या पाण्यात आर्सेनिक होते. शहराशी करार २०११ मध्येच झाला होता, पण आपली क्षमता अपुरी आहे असे सांगून शहर मागे सरले आणि प्रकरण कोर्टात गेले. आदेशानंतर त्याच वर्षी पाणी जोडले गेले. हा अनुभव पाहता माझे स्पष्ट मत आहे की सहा महिन्यांची मुदत निव्वळ वाट पाहण्यात घालवू नये. आदेशाची तरतूद मागे उभी असते, म्हणूनच शहराचे अधिकारी टेबलावर येतात. ते आले की लिखित करार करून घ्या, कारण करारात दर, मीटर आणि देखभाल यांबद्दल तुमचे म्हणणे घालता येते.

शहराच्या नगरसेवकांना दोन गोष्टी आवर्जून सांगा. बोर्डाने आदेश दिला तर जोडणीचा आणि त्यात खर्ची पडलेल्या क्षमतेचा खर्च भागवण्यासाठी राज्याने निधी द्यायचा असतो, आणि केवळ या कारणासाठी शहराच्या जुन्या ग्राहकांची पाणीपट्टी, त्यांना तसा लाभ मिळत नसेल तर, वाढवता येत नाही. विरोध बहुतेक वेळा याच दोन भीतींपोटी होतो.

संमतीपत्र : काम इथे अडते

खासगी बोअरच्या मालकाची लेखी संमती नसेल तर त्याच्या घराला जोडणी लादता येत नाही. मात्र संमती न देणाऱ्याला, ती देईपर्यंत, राज्याच्या पाणीविषयक अनुदानांवर पाणी सोडावे लागते. आपत्तीतली किंवा बोअर आटल्यावरची तातडीची मदत तेवढी त्यातून वगळलेली आहे.

ईस्ट पोर्टरव्हिलचे उदाहरण पाहा. २०१४ च्या दुष्काळात तिथले शेकडो बोअर आटले. घरांपुढे टाक्या बसल्या, पिण्यासाठी बाटल्या वाटल्या गेल्या. राज्याच्या खर्चाने पोर्टरव्हिल शहराचे पाणी द्यायचे ठरले आणि ऑगस्ट २०१६ पासून जोडण्या सुरू झाल्या. शेवटी ७५० हून अधिक घरे जोडली गेली. पण प्रत्येक मालकाला करारावर सही करायची होती आणि त्यात एक कलम होते : पुढे कधी शहराने हद्दवाढ केली तर माझी हरकत नाही. आटलेला बोअर समोर असूनही काही जण या कलमापाशी थबकले. महिन्याचे बिल सुरू होणार, शहराचे नियम लागणार, कोंबड्या-बकऱ्या पाळता येतील का, अशा शंका लोकांच्या मनात असतातच. त्या क्षुल्लक नाहीत. म्हणून सहीचा कागद घेऊन दारोदार जाण्याआधी मजकूर लोकांच्या भाषेत समजावून सांगणारी बैठक घ्या.

संमतीपत्राबरोबर मालकीचा दस्त, भाडेकरूचे नाव आणि बोअर नेमका कुठे आहे याचा नकाशा हवा. शहराचे पाणी आले की बोअरची लाइन घरातल्या नळांपासून तोडावी लागते, कारण दोन्ही पाणी एका पाइपात मिसळण्याचा धोका शहर पत्करत नाही. बागेसाठी बोअर ठेवायचा असेल तर तसे आधीच लिहून घ्या.

पैशाचा अर्ज

२०१९ च्या एसबी २०० ने सुरक्षित पाण्यासाठी २०३० पर्यंत दरवर्षी १३ कोटी डॉलरपर्यंतचा निधी बाजूला काढला. अनुदान-कर्जाचा अर्ज वॉटर बोर्डाच्या ‘फास्ट’ या ऑनलाइन प्रणालीवर भरतात. त्याचे चार गठ्ठे असतात : सर्वसाधारण, तांत्रिक, पर्यावरणीय आणि आर्थिक. तांत्रिक गठ्ठ्यात इंजिनिअरचा अहवाल, आर्थिक गठ्ठ्यात ताळेबंद आणि पाणीपट्टीचे दर. म्युच्युअल कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव, उपविधी आणि भागधारकांची अद्ययावत यादी तयार ठेवा. ठरावात सही करणाऱ्याचे नाव न घालता पद लिहिलेले बरे, माणूस बदलला की पुन्हा ठराव करावा लागत नाही.

हे सगळे एकट्याने करायची गरज नाही. व्हिसेलियाची सेल्फ-हेल्प एंटरप्रायझेस किंवा रूरल कम्युनिटी असिस्टन्स कॉर्पोरेशन यांसारख्या संस्था छोट्या वस्त्यांना अशा कामात मदत करतात.

हद्दीची परवानगी

शहराला हद्दीबाहेर नवी सेवा द्यायची तर जिल्ह्यातल्या हद्दींचे निर्णय घेणाऱ्या लाफको या आयोगाची लेखी मंजुरी लागते. अर्ज पूर्ण आहे की नाही हे ३० दिवसांत कळते, आणि पूर्ण ठरल्यावर ९० दिवसांच्या आत तो आयोगापुढे येतो. वस्ती शहराच्या नियोजित प्रभावक्षेत्राच्याही (शहर पुढे जिथवर वाढेल असे धरलेल्या भागाच्याही) बाहेर असेल, तर आरोग्याला असलेला किंवा येऊ घातलेला धोका कागदोपत्री दाखवावा लागतो. पाण्याचे तपासणी अहवाल इथे पुन्हा कामी येतात. दोन सार्वजनिक संस्थांमधला करार जुन्या सेवेच्या जागी पर्यायी सेवा देत असेल तर या मंजुरीतून सूट मिळू शकते. आपला करार त्यात बसतो का, हे लाफकोच्या कार्यालयात आधी विचारून घ्या.

फक्त एका मोसमापुरते पाणी हवे असेल तर

विलीनीकरण नको, दुष्काळापुरता शेजाऱ्याकडून हात उसना घ्यायचा आहे, तर रस्ता वेगळा. १९१४ नंतरच्या परवान्याचे नदीचे पाणी एक वर्षापर्यंत दुसऱ्याला देण्यासाठी हक्कधारक वॉटर बोर्डाकडे तात्पुरत्या बदलाचा अर्ज करतो. देणाऱ्याने एरवी जे वापरले किंवा साठवले असते तेवढेच पाणी देता येते, इतर हक्कधारकांचे नुकसान होता कामा नये आणि माशांवर अवाजवी परिणाम नको. या अर्जाला पर्यावरणीय अहवालातून सूट आहे. मुदत संपली की हक्क आपोआप मूळ मालकाकडे येतो. ‘एकदा दिले की हक्क जाईल’ या भीतीने कोणी अडत असेल तर हे दाखवा. मधला कालवा किंवा पाइप तिसऱ्या सार्वजनिक संस्थेचा असेल, तर रिकाम्या क्षमतेच्या ७० टक्क्यांपर्यंतचा वापर तिला योग्य मोबदला मिळत असताना नाकारता येत नाही.

नवी वसाहत उभारणाऱ्यांसाठीही एक अट आहे. २०१६ च्या एसबी १२६३ नुसार नवी सार्वजनिक पाणी यंत्रणा बांधायला घेण्याच्या किमान सहा महिने आधी प्राथमिक तांत्रिक अहवाल द्यावा लागतो. तीन मैलांच्या आतल्या प्रत्येक यंत्रणेचे नाव, तिला जोडून घेणे शक्य आहे का, आणि दोन्ही पर्यायांचा २० वर्षांचा खर्च त्यात मांडायचा असतो.